पाहुण्या माशांची हजेरी

परमुलखीची सुरमई, आली माझ्या गं पाटीला
खवला तिचा घालते, माझ्या दर्याच्या ओटीला

ही ओवी म्हणत आडखोलच्या बायका पाट्या धुतात. सकाळी मोठ्या बंदरावरून मासे घ्यायचे, दिवसभर वाडीवाडीतून विकायचे आणि उन्हं कलली की न्हाणाच्या कातळावर गुडघाभर पाण्यात उभं राहून पाटी, कोयती, वजनाचं ताट सगळं खळखळून घ्यायचं. घरी नळ आहेत. पण पाटी घरी धुवायची नाही. दुसऱ्या बंदराचा मासा म्हणजे दुसऱ्या घरची लेक. ती आपल्या दारात आली, आपल्याला चार घास देऊन गेली, तर तिची ओटी भरल्यावाचून तिला कशी पाठवायची? म्हणून तिचे उरलेसुरले खवले आपल्या पाण्यात सोडायचे, आणि सोडताना तिचं नाव घ्यायचं. सुरमई असेल तर सुरमई, सरंगा असेल तर सरंगा.

शेवंती तोरसकरचा या ओवीत पहिला आवाज. वय एकसष्ट. आवाज मात्र अजून कातळावरून उडी मारणाऱ्या पोरीसारखा. तिनं ओळ टाकली की बाकीच्या सात जणी ती झेलायच्या. कातळापासून साठ पावलांवर, पाण्यात डुलत, मास्तर उभा असायचा.

मास्तर म्हणजे पिवळा तरंगता पिंप. सरकारी कागदात त्याचं नाव जलवाचक. पण तो रोज हजेरी घेतो म्हणून आडखोलनं त्याचं बारसं पहिल्याच आठवड्यात करून टाकलं होतं.

मास्तर माशांची हजेरी घ्यायचा ती अशी. मासा पाण्यातून नुसता गेला तरी मागे काहीतरी ठेवून जातो. अंगाचा बुळबुळीत थर, एखादा खवला, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्या माशाची जनुकीय खूण असते. डोळ्याला दिसत नाही, पण पाण्यात लिहिलेली असते, आणि उन्हानं, लाटांनी, जंतूंनी दोन दिवसांत पुसली जाते. म्हणजे आज पाण्यात सापडलेली खूण दोन दिवसांच्या आतली. मास्तर दर तासाला कळशीभर पाणी पोटात ओढायचा, बारीक गाळणीतून गाळायचा, गाळात राहिलेल्या खुणा वाचायचा आणि कोणता मासा, किती दाट, ते दिल्लीपर्यंत कळवायचा. जाळं न टाकता, एकही मासा न मारता. शास्त्रज्ञांनी पंधरा वर्षं घालून हे यंत्र बसवलं होतं, आणि ते खोटं बोलत नसे.

त्याच्या भरवशावर देशानं कायदा केला. साऱ्या किनाऱ्याचे लहान लहान तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्यात एकेक जलवाचक सोडला. पाच वर्षांची हजेरी शंभरात मांडायची. पंचाहत्तरच्या वर गेली तर ते खुलं पाणी. तिथे मासा उदंड आहे, तेव्हा बाहेरच्या वीस यांत्रिक नौकांनाही परवाना. चाळीसच्या खाली गेली तर विसाव्याचं पाणी. तीन वर्षं तिथे कुणीच जाळं टाकायचं नाही, माणसांना शेजारी पिंजऱ्यांत मासे पाळायच्या शेतीवर काम. आणि मधलं ते घरचं पाणी. तिथे फक्त तिथल्याच माणसांनी, आपल्या जुन्या जाळ्यांनी मासे धरायचे.

कायदा वाईट नव्हता. हे शेवंतीही म्हणायची. पलीकडच्या केळवण्याचं पाणी विसाव्याला गेलं तेव्हा तिची धाकटी बहीण रडली होती. आता ती निळा गणवेश घालून पिंजऱ्यातल्या जिताड्यांना खाणं घालते, महिन्याचा पगार घेते, आणि रविवारी नातवंडांना जत्रेला नेते. फक्त त्यांची रापण, गावाचं मोठं ओढजाळं, मांगरात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खोपटात, पडून आहे. दोर कुजले.

आडखोलची रापण अजून चालत होती. अर्धा मैल लांबीचं जाळं होडीतून अर्धचंद्रासारखं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून ओढायची. चाळीस माणसं लागतात. जो दोराला हात लावील त्याला वाटा. म्हातारी असो, विधवा असो, वाटेनं चाललेला परका असो. हात लागला की वाटा. एवढं साधं घटनापत्र आडखोलला पुरत होतं.

तर त्या वर्षी चैत्रात कागद आला. आडखोल, पाच वर्षांची हजेरी: अठ्ठ्याऐंशी.

पहिलं पान वाचून लोकांनी पेढे वाटले. साऱ्या जिल्ह्यात इतका आकडा कुणाचा नव्हता. दुसरं पान संध्याकाळी वाचलं गेलं. खुलं पाणी. येत्या हंगामापासून वीस यांत्रिक नौका. हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत पुराव्यासह कळवावी.

एक यांत्रिक नौका एका फेरीत जेवढं उचलते, तेवढं रापणीला अख्ख्या हंगामात मिळत नाही. वीस नौका आल्या की रापण ओढायला चाळीस माणसं कशाला जमतील? हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. उरलेले पेढे तसेच राहिले, मुंग्यांनी खाल्ले.

शेवंतीची लेक गौतमी तालुक्याला मत्स्यगणक होती. तिच्या हाताखाली अकरा जलवाचक. आडखोलचा मास्तर तिनंच बसवला होता, जागाही तिनंच निवडली. नकाशावर तिथे पाणी संथ दाखवत होतं, आणि लहानपणी त्याच कातळावर बसून आईची वाट बघितलेली, त्यामुळे त्या जागेवर तिचा जीव. ती बुधवारी रात्री घरी आली. गुरुवारी सकाळी चुलीपाशी, कुळथाच्या पिठीला उकळी येईपर्यंत, आईला मास्तरची पाच वर्षांची रेघ दाखवत बसली. आईला अक्षरओळख बेताची, पण रेघ कळते. लाट जशी चढते उतरते तशी ती रेघ होती.

गौतमी सांगत होती की ही रेघ दर आठवड्याला दोनदा खाली बसते. मंगळवारी आणि शुक्रवारी. श्रावणात तर महिनाभर बसते. वरच्या कचेरीत यावर चर्चा झाली होती, आणि कुणीतरी भरती-ओहोटीचा संबंध जोडून वीस पानांचा लेखही लिहिला होता. पाण्यातल्या जुन्या खुणा पुसायला एक दिवस जातो, म्हणून मंगळवार आणि शुक्रवार. खरे उतार सोमवारी नि गुरुवारी.

शेवंती पिठी ढवळत होती. ढवळता ढवळता हसली.

"सोमवार नि गुरुवार? मासे उपास धरतत काय गो?"

गौतमीही हसली. मग दोघींचं हसू एकदमच थांबलं.

सोमवारी आणि गुरुवारी मासे कुणी खात नाही. म्हणून विक्री नाही. विक्री नाही म्हणून पाट्या नाहीत. पाट्या नाहीत म्हणून कातळावर कुणी नाही. श्रावणात महिनाभर कुणी नाही.

शेवंतीनं विचारलं, काल, बुधवारी मास्तरनं काय काय नावं लिहिली ती वाच. गौतमीनं वाचली. सरंगा, घोळ, मोडोसा, शेतकं, हलवा. शेवंती एकेका नावाला मान डोलवत गेली. सरंगा नि हलवा तिच्या पाटीतले. घोळ आणि मोडोसा शेजारच्या अनसूयेच्या. शेतकं सुभद्रेनं आणली होती, संपली नव्हती म्हणून घरी कालवणात गेली. मास्तरनं खोटं लिहिलं नव्हतं. पाण्यात जे होतं तेच वाचलं होतं. त्याला फक्त हे ठाऊक नव्हतं की या पाहुण्या लेकी आहेत, ओटी घेऊन निघून गेलेल्या.

आणि सगळ्यात बोचरी गोष्ट शेवंतीनंच बोलून दाखवली. रापणीत मासा कमी मिळायला लागला तशा बायका बंदरावरून जास्त माल आणायला लागल्या. पूर्वी दोघी-तिघी जायच्या, आता आठ. म्हणजे आपलं पाणी जितकं रिकामं होत गेलं, तितकी मास्तरची वही भरत गेली.

गौतमी गुडघ्यात डोकं घालून बसली. जागा तिनं निवडली होती. त्या कातळावर रोज काय होतं हे जगात कुणाला माहीत असेल तर तिला. पण ते तिला इतकं माहीत होतं की दिसलंच नाही. श्वास घेतो हे कोण नोंदवून ठेवतं?

"नोकरी जाईल माझी, आये."

"जायत तर जायत. दोराक हात लाव, वाटो मिळात," शेवंती म्हणाली, आणि पिठी वाढायला घेतली. "आधी जेव."

त्याच दिवशी चार वाजता रापणीच्या मांगरात बैठक बसली. गौतमीनं उभं राहून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. आता करायचं काय, तेही सांगितलं. एकवीस दिवस कातळावर एकही पाटी धुवायची नाही. मास्तर आपलं खरं पाणी वाचील. तो आकडा पुरावा म्हणून जाईल आणि पाच वर्षांच्या जागी तोच धरला जाईल. पंचाहत्तरच्या खाली आला तर यांत्रिक नौका येणार नाहीत.

"नि चाळीसच्या खाली इलो तर?" कुणीतरी मागून विचारलं.

तर विसाव्याचं पाणी. तीन वर्षं रापण बंद, निळे गणवेश. दोर कुजतील.

मग एकाला युक्ती सुचली, आणि ती खरोखर हुशारीची होती. सगळ्या पाट्या बंद कशाला करायच्या? रोज दोनच धुवायच्या. ना अठ्ठ्याऐंशी, ना अडतीस. आकडा साठावर नेमका बसवायचा. घरचं पाणी पक्कं. बऱ्याच माना हलल्या. गौतमी सरकारी माणूस, तिनं कान झाकून घ्यावेत असंही कुणी म्हणालं, त्यावर थोडं हसू झालं.

शेवंतीनं त्यांना हसून घेऊ दिलं. मग ती कोपऱ्यात बसलेल्या जयदेव कुबलांकडे वळली.

जयदेवदाजी चौऱ्याहत्तरचे. रापणीचे जुने टेहळे. टेहळ्याचं काम डोंगरीवर बसून पाण्याचा रंग बघणं. तारल्यांचा थवा आला की पाणी जांभळं पडतं, बांगड्याचा आला की वर बारीक शिरशिरी उठते, पक्षी कुठे झुकतात त्यावरूनही कळतं. दाजींनी डोंगरीवरून पंचा हलवला की गाव धावायचं. पण मास्तर आल्यापासून घोळ झाला. वहीत मासा उदंड, आणि दाजींना पाण्यात काही दिसेना. ते दिवसदिवस बसायचे, पंचा मांडीवर तसाच. पोरं चेष्टा करायला लागली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी तालुक्याला जाऊन डोळे तपासून घेतले. डॉक्टरांनी चष्मा दिला, तो लावूनही पाणी निळंच दिसलं. त्यानंतर ते डोंगरीवर चढले नाहीत. विचारलं तर गुडघे दुखतात म्हणायचे.

"दाजीनू," शेवंती म्हणाली, "तुमका मासो दिसलो नाय, कारण मासो नव्हतोच. तुमचे डोळे बरे आसत."

दाजींनी चष्मा काढला. पंच्यानं पुसला. पुन्हा लावला.

मग शेवंती त्या युक्तीवाल्याकडे वळली. रागानं नाही. तिनं विचारलं, की साठावर आकडा बसवला तर मास्तर फसेल, दिल्ली फसेल, ठीक. पण आपल्या पाण्यात खरोखर किती मासे आहेत हे आपल्याला तरी कोण सांगणार? पाच वर्षं आपण आपल्याच ओटीतलं उष्टं मोजून घर भरलं म्हणून नाचलो, आणि शहाण्या माणसाला आंधळा ठरवला. आणखी पाच वर्षं तेच करायचं?

"माका माज्या घरात कोण कोण आसा तां कळाक होया," ती म्हणाली. "रिकामा आसला तर रिकामा. पण कळाक होया."

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे.

दुसऱ्या दिवसापासून पाट्या माडाच्या बागेत धुतल्या जाऊ लागल्या. खड्डा खणून त्यात पाणी सोडायचं. सोयीचं होतं, सावलीही होती. पण ओवी येईना. माडाला काय सांगायचं सुरमईचं नाव? बायका मुकाट्यानं खळखळून घ्यायच्या आणि घरी जायच्या. एकीनं सवयीनं ओळ सुरू केली, अर्ध्यात सोडली.

रोजचा आकडा म्हणजे पहिल्या दिवसापासूनची सरासरी, म्हणून तो सावकाश उतरू लागला. तिसऱ्या दिवशी सत्तर. पाचव्या दिवशी एकसष्ट. तेव्हा युक्तीला ज्यांनी माना हलवल्या होत्या त्यांनी डोळ्यांनीच म्हटलं, की आता थांबायला हरकत नव्हती. पण मास्तर थांबेना. आठव्या दिवशी बावन्न. बाराव्या दिवशी सेहेचाळीस. गौतमी रोज संध्याकाळी आईला फोन करून आकडा सांगायची, आणि मग आई आज काय शिजवलं ते सांगायची. पंधराव्या दिवशी त्रेचाळीस. सतराव्या दिवशी एक्केचाळीस.

अठराव्या दिवशी शेवंती एकटीच कातळावर जाऊन बसली. पाटी नेली नव्हती. पाण्यात पाय सोडले. केळवण्याची बहीण म्हणाली होती, गणवेशाची सवय होते. होत असेल. पायाशी बोटभर लांबीचं काहीतरी हललं, मग आणखी चार-पाच. मुडदुशी माशांची पिल्लं. वाळूच्या रंगाची, काचेसारखी. पाट्यांच्या राड्यात ती कधी दिसलीच नव्हती. ती पिल्लं तिच्या टाचेपाशी येऊन थांबली, आणि तिनं पाय हलवला नाही, मुंग्या आल्या तरी.

एकविसाव्या दिवशी आकडा आला: बेचाळीस.

घरचं पाणी. दोन अंकांनी.

गौतमीनं फोनवर आकडा सांगितला आणि आईनं विचारलं की नावं कोणती कोणती आहेत. गौतमीनं यादी वाचली. लहान यादी होती. मुडदुशी, पेडवे, तारली, बांगडे थोडे, शेवटी एक खडकातला तांबोसा. शेवंतीनं एकेका नावाला हुं म्हटलं. घरातली माणसं जेवायला बसली की नाही ते बघावं, तसं.

गौतमीची नोकरी गेली नाही. तिनं स्वतः लिहून दिलेला कबुलीजबाब वर गेला, वरून ठपका आला, आणि ठपक्याच्या पाठोपाठ एक सुधारलेला अर्जही आला. देशभर नवा जलवाचक बसवताना भरायचा अर्ज. त्यात चौदावा रकाना नवीन होता: किनाऱ्यावर मासे व भांडी कुठे धुतली जातात, हे स्थानिक महिलांना विचारून लिहावे. गौतमीनं तो कागद आईला वाचून दाखवला तेव्हा शेवंतीनं विचारलं, की एवढं विचारायला दिल्लीला पाच वर्षं लागली? पण तिनं तो कागद देव्हाऱ्यामागे जपून ठेवला.

आणि आणखी एक गोष्ट गौतमीनं मागून घेतली. खूण दोन दिवसांत पुसली जाते, हे तर शास्त्रच. मग दर अमावस्येला तीन दिवस मास्तरला बंद ठेवलं, तर पहिल्या दिवशी धुतलेलं चौथ्या दिवशी पाण्यात उरत नाही. हजेरीला धक्का नाही. वरच्या कचेरीनं कागदावर त्याला मापनविराम म्हटलं. आडखोलनं मास्तरची सुट्टी म्हटलं. एरवी पाट्या माडाखाली धुवायच्या, मूठमूठ खवले डब्यात वाळवून ठेवायचे, आणि सुट्टीच्या पहिल्या दिवशी साऱ्या महिन्याच्या पाहुण्यांची ओटी एकदम भरायची.

पावसाळा सरला. नवा हंगाम लागला. घरच्या पाण्यात रापण आठवड्यातून तीनदाच टाकायची असं गावानंच ठरवलं. बेचाळीस हा आकडा जसा सुखाचा होता तसा सांभाळून वागायचाही होता. पहिल्या अमावस्येला गौतमी स्वतः होडीतून जाऊन मास्तरवर ताडपत्री घालून आली. आठही जणी कातळावर उतरल्या, वाळलेले खवले ओंजळीत घेतले, आणि शेवंतीनं ओळ टाकली. नवी होती, कुणी ऐकली नव्हती, तरी झेलायला कुणाला अडचण पडली नाही.

मास्तर गं गेला माझा, तीन दिसांच्या सुट्टीला
पाहुण्या लेकी आल्या, दर्या उभा गं भेटीला

सुरमई, म्हणाली एक. सरंगा, दुसरी. घोळ, मोडोसा, हलवा. खवले पाण्यावर अभ्रकासारखे चमकले आणि बुडाले.

नावं घेऊन होतात न होतात तोच डोंगरीवरून हाक आली. सगळ्यांनी वर बघितलं. जयदेवदाजी उभे होते, चष्मा नाही, आणि डोक्यावर पंचा गरगर फिरवत होते.

बायकांनी पाट्या तिथेच टाकल्या. मांगरातून माणसं धावली, होडी लोटली गेली, जाळं अर्धचंद्रासारखं पडलं. दोर हातात आले तेव्हा गौतमी कडेला उभी होती, सरकारी ओळखपत्र गळ्यात. आईनं तिच्याकडे बघितलंही नाही, नुसती एक पाऊल सरकली आणि दोरावर दोन हातांची जागा करून दिली. गौतमीनं ओळखपत्र पदराआड खोचलं आणि दोर धरला.

जाळं जड होतं. फार नाही, पण हाताला कळेल इतकं. ओढता ओढता जुन्या सवयीनं गौतमीची नजर ताडपत्रीखालच्या मास्तरकडे गेली.

"कितके असतीत, आये?"

शेवंतीनं हनुवटीनं डोंगरी दाखवली. दाजी उतरून येत होते, काठी न टेकता. जवळ आल्यावर त्यांनी पाण्याकडे एकदा बघितलं आणि दोराचं शेपूट उचलून रांगेत उभे राहिले.

"आसत," ते म्हणाले. "पोटापुरते आसत. वढ."